रूपावहिनींच्या खात्याला जोडलेला नंबर

नाव : मंजुषा सांडू हिवराळे
वय : २३ वर्षे
शिक्षण : बी.सी.ए.
व्यवसाय : शहागंज येथील ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात ऑपरेटर
राहणार : गल्ली नं. ४, संघमित्रानगर, छत्रपती संभाजीनगर

आज दि. २० ऑगस्ट २०२५ रोजी, बुधवारी दुपारी, बोलावणे आल्यावरून मी वडिलांसोबत पोलीस ठाण्यात आले आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या रूपा राजेंद्र मगरे, वय २६, या सोमवारपासून घरी नाहीत. त्यांच्या मिसिंगच्या चौकशीत महिला पोलीस हवालदार प्रेरणा तुपे यांनी मला विचारले, ते मी खरे खरे सांगते. शिक्षणाच्या रकान्यात "घरातली पहिली पदवीधर" असे लिहावे असे मी म्हणाले होते. त्याची गरज नाही असे हवालदार मॅडमनी सांगितले. लोकांचे बोलणे मात्र जसेच्या तसे लिहावे, ही माझी विनंती त्यांनी मान्य केली आहे.

मी वरील ठिकाणी आई भागूबाई व वडील सांडू यांच्यासह राहते. वडील ऑटोरिक्षा चालवतात. रिक्षा काकासाहेब मगरे यांच्या मालकीची आहे. काकासाहेब हे आमच्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष असून राजेंद्र मगरे यांचे चुलते आहेत. राजेंद्र वाळूजला कंपनीत कामाला आहेत, मी त्यांना राजूदादा म्हणते. राजूदादा, त्यांची आई भामाबाई व पत्नी रूपा असे तिघे आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. रूपा यांना मी वहिनी म्हणते. त्या वयाने मोठ्या असूनही मला ताई म्हणतात. त्यांचे माहेर देवगाव रंगारीचे आहे. माहेरी त्या गेलेल्या नाहीत असे मला इथे आल्यावर समजले.

मागच्या वर्षीपासून दर रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात बायकांसाठी मोबाईलचा वर्ग घेत होते. फी नव्हती. मला शिकता आले ते गल्लीने वर्गणी काढून माझी पहिली फी भरली म्हणून, त्यामुळे हे मी करायला पाहिजे असे मला वाटत होते, आणि अजून वाटते.

सुरुवातीला मी पासवर्ड कसा असावा ते शिकवले. तेव्हा असे दिसून आले की गल्लीतल्या बहुतेक घरांचा पासवर्ड एकच आहे, जयभीम आणि पुढे एक दोन तीन. हा कुणीही ओळखेल असे मी म्हणाले. त्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "वळखू दे की. बाबासाहेबाच्या नावाचं कुलूप तोडायची कुणाची छाती हाय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी ओटीपी शिकवला. ओटीपी म्हणजे खाते उघडताना मालकाच्या फोनवर येणारा आकडा, तो एकदाच चालतो. तो कुणाला सांगायचा नाही हे मी फळ्यावर लिहून सर्वांकडून मोठ्याने म्हणून घेतले : बँकेच्या साहेबाला नाही, नवऱ्याला नाही, मुलाला नाही, मंजूलाही नाही.

अडचण अशी होती की ज्या फोनवर तो आकडा येतो तो फोन बायकांचा नव्हता. सिम नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असते. फोन टीव्हीजवळ पडलेला असतो आणि ज्याच्या हाताला लागेल तो उघडून बघतो. रूपावहिनींच्या फोनला कुलूप होते, पण ते राजूदादांच्या अंगठ्याचे. माहेरी फोन लावायचा असला की वहिनी फोन घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहत आणि ते अंगठा लावून देत. ते पाळीवर गेले की फोन उघडत नसे. यावर मी एकदा बोलले होते तेव्हा राजूदादा ओट्यावर बसून म्हणाले, "बायको माझी, फोन माझा, मग अंगठा काय शेजाऱ्याचा लावू का?" ओट्यावरचे सगळे हसले. भामाबाईंचे मत असे की मोबाईलमध्ये जीव गुंतलेल्या बाईच्या हातची भाकर करपतेच. माझ्या वडिलांचे मत असे की फोन उशाशी ठेवला तर डोक्यात गाठ होते. तसा मेसेज त्यांना आला आहे आणि तो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे. वर्गाबद्दल आणि मोबाईलबद्दल गल्लीत अशी मते होती. मला ती तेव्हा गमतीची वाटत होती.

वर्गातल्या ज्या बायकांना स्वतःचे ईमेल खाते हवे होते त्यांच्या खात्याला मी माझा नंबर जोडून दिला. म्हणजे त्यांचा आकडा घरच्या फोनवर न जाता माझ्या फोनवर येणार. हे मला कुणी सुचवले नव्हते. फळ्यावर "मंजूलाही नाही" असे लिहिणारी मीच होते आणि सगळ्यांचे आकडे माझ्याकडेच येऊ लागले. मी कुणाचेही खाते त्यांच्या माघारी उघडलेले नाही.

रूपावहिनींनी मे महिन्यात विहाराच्या कोपऱ्यात बसून माझ्या फोनवर एक फॉर्म भरला. तो कशाचा होता असे मला विचारण्यात आले. मला माहीत नाही. फोन त्यांच्या हातात देऊन मी पाठ फिरवून बसले होते, कारण फॉर्म भरणाऱ्याच्या खांद्यावरून बघायचे नाही असे मी वर्गात शिकवते. फोन घ्यायला वळले तेव्हा इतके दिसले की वहिनींच्या ब्लाऊजला मनगटापर्यंत बाह्या होत्या आणि त्या डाव्या हाताने फोन धरून डाव्याच अंगठ्याने टाइप करत होत्या. वहिनी डावऱ्या नाहीत. हे मला कुणी विचारलेले नाही. पण लिहावे.

सोमवारी सकाळी राजूदादा कंपनीत गेल्यावर वहिनी दळण आणते म्हणून गेल्या. दळणाचा डबा गिरणीत मिळून आला. फोन घरी टीव्हीजवळ होता. जाताना त्या मला भेटल्या नाहीत आणि त्यांनी मला काही सांगितले नव्हते.

संध्याकाळी राजूदादा, भामाबाई व काकासाहेब आमच्या घरी आले. वहिनींच्या फोनमध्ये राजूदादांना ईमेल खात्याचे नाव दिसले होते. ते खाते मी उघडून द्यावे असे त्यांचे म्हणणे होते.

राजूदादा म्हणाले, "मंजे, तुला येतं ना हे सगळं. उघड."

मी म्हणाले, "दुसऱ्याचं खातं उघडत नसतात, दादा."

"दुसऱ्याचं? बायको हाय माझी. घरातल्या बाईला येगळा पासवर्ड कशाला लागतो? चोरी असल तरच कुलूप."

मी म्हणाले की दाराला कडी फक्त चोरासाठी नसते. आत माणूस कपडे बदलत असतो म्हणूनही असते.

काकासाहेब माझ्या वडिलांना म्हणाले, "सांडू, लई शिकली रे पोरगी." वडील खाली बघत होते.

मग राजूदादांनी स्वतःच "पासवर्ड विसरलात का" हे बटन दाबले. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे बघत बटन पुन्हा दाबले. माझा फोन पुन्हा वाजला. मग त्यांनी फोनकडे न बघता, फक्त माझ्याकडे बघत, आणखी एकदा दाबले.

भामाबाई म्हणाल्या, "आगं माय. आपल्या घराची किल्ली हिच्या घरात व्हय!"

राजूदादांनी हात पुढे केला. मी फोन पाठीमागे धरला. आकडा मी सांगणार नाही, तो वहिनींचा आहे, असे मी म्हणाले. वडील म्हणाले, "दे की गं. सहा आकडे तर हायेत, काय सोनं हाय का?" आई चहा ठेवायला आत गेली. तिने सर्वांना चहा आणला. कुणी घेतला नाही. काकासाहेब उठताना वडिलांना म्हणाले, "उद्या रिक्षा काढायच्या आधी मला भेट."

मंगळवारी सकाळी काकासाहेबांनी रिक्षाची चावी ठेवून घेतली. विहाराला कुलूप लावले. भामाबाईंनी आमच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकली व तिथे बसल्या. आमचे संडास-बाथरूम बाहेर आहे. जाता-येता दर वेळी मला त्यांच्या खुर्चीला वळसा घालावा लागत होता. त्या फक्त पाय आत ओढून घेत होत्या. मी दुकानात जायला निघाले तेव्हा वडिलांनी दाराला आतून कडी घातली. "हे मिटल्याबिगर बाहेर जायाचं नाय," असे ते म्हणाले. त्यांनी मला मारलेले नाही. त्यांनी मला कधीच मारलेले नाही.

आमच्या गल्लीचा व्हाट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एरवी कमळाच्या चित्रांचे गुड मॉर्निंग मेसेज येतात. मंगळवारी त्यावर असे फिरत होते की मंजुषा सगळ्या बायकांचे मेसेज वाचते, फोटो काढून घेते आणि सुनांना पळून जायला शिकवते. खाली हात जोडलेली चित्रे होती. वर्गातल्या बायका वर्गाच्या ग्रुपमधून एकेक करून बाहेर पडल्या. ज्याने त्याने आपल्या बायकोला सांगितले की त्या पोरीचा नंबर खात्यातून काढून टाक. पण नंबर काढायचा तरी आकडा माझ्याच फोनवर येतो. त्यामुळे माझ्याशी संबंध तोडण्यासाठी बायकांना माझ्याच दारात यावे लागले. भामाबाईंच्या खुर्चीपलीकडे उभे राहून त्या आकडा मागत होत्या आणि मी आतून सांगत होते. द्वारकाबाई शेवटी आल्या. त्या म्हणाल्या, "माझा राहू दे. माझ्या ईमेलात काय हाय, सतरा साड्यांच्या जाहिराती." भामाबाई त्यांना म्हणाल्या, "तुला सून नाय, म्हणून बोलतीस."

मंगळवारी दुपारी गल्लीतली माणसे हर्सूल तलावाच्या काठाने बघून आली. तिथे काही नाही असे त्यांनी सांगितले. ते ऐकेपर्यंत माझ्या मनात तलाव आलाच नव्हता.

त्यानंतरचे मी नीट सांगते. नवीन आकडा मी स्वतः मागवू शकत होते. खाते मी काढून दिलेले असल्याने त्याचे नाव मला पाठ होते. दार बंद होते, फोन माझ्याकडे होता. खाते उघडले असते तर वहिनी कुठे गेल्या ते मला कळले असते, निदान त्या कुठेतरी जायला निघाल्या होत्या एवढे कळले असते. मी आकडा मागवला नाही. त्यांच्या जिवाचे काही झाले असेल तर मी न बघितल्याने ते कळायला उशीर झाला असेल. आणि मी बघितले तर मला माहीत होईल, आणि माझ्या तोंडून ते कधी ना कधी निघेल, कारण दारात भामाबाई आणि घरात वडील होते. मला तिसरा रस्ता सापडला नाही. आई माझ्याजवळ बसून गवार मोडत होती. तिने विचारले, "ती बरी असल ना गं?" मी म्हणाले, मला माहीत नाही. आई म्हणाली, "बघू नको. पर बरी असावी." आईलाही तिसरा रस्ता सापडला नव्हता.

आज ठाण्यात आल्यावर हवालदार मॅडमनीही आकडा मागितला. मी त्यांच्या मागच्या भिंतीवरचे पोस्टर दाखवले. त्यावर लिहिले आहे की ओटीपी कुणालाही सांगू नका, पोलीस कधीही ओटीपी मागत नाहीत. मॅडमनी मागे वळून पोस्टर बघितले व म्हणाल्या, "ते बँकेचं. हे वेगळं." मी म्हणाले की पोस्टरवर बँक लिहिलेले नाही. मॅडम म्हणाल्या, "हे बघ बाळा, एक बाई तीन दिवस झाले घरी नाही. तिचं काही बरंवाईट झालं तर ह्या पोस्टरला विचारू का?" आकडा मिळाला तर काय करणार असे मी विचारले. खाते उघडून पत्ता काढणार आणि घरच्यांना कळवणार, असे त्या म्हणाल्या. घरचे म्हणजे राजूदादा, ते बाहेरच्या बाकावर बसलेले होते. काकासाहेब ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होते.

जबाब इथपर्यंत लिहून झालेला असताना टेबलावर ठेवलेला माझा फोन वाजला. वहिनींच्या खात्याचा आकडा आला होता. राजूदादांचा फोन व वहिनींचा फोन हवालदार मॅडमच्या समोर टेबलावर बंद होते. काकासाहेबांकडे बटनांचा साधा फोन आहे. म्हणजे ते खाते दुसरीकडून कुणीतरी उघडत होते, आणि खात्याचे नाव माझ्याशिवाय व राजूदादांशिवाय एकाच व्यक्तीला माहीत होते. मॅडमनी माझ्याकडे बघितले. त्या म्हणाल्या, "जिवंत आहे." मी हो म्हणाले. मला रडू आले, ते लिहिण्याची गरज नाही.

लगेच माझ्या त्याच फोनवर नाव नसलेल्या नंबरवरून कॉल आला. उचलला नाही तर वहिनींना आकडा मिळणार नव्हता. न उचलताही नंबर टेबलावर मॅडमना दिसत होताच. मी उचलला. मॅडमनी स्पीकर सुरू करायला सांगितले व उठून खोलीचे दार लोटून घेतले.

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "ताई?"

मी म्हणाले, "वहिनी, कुठं आहात ते बोलू नका. मी पोलीस ठाण्यात आहे. समोर पोलीस मॅडम आहेत."

त्यांच्या मागे आवाज येत होते. ते कसले होते हे मी सांगणार नाही.

मग त्या म्हणाल्या, "ताई, मला त्या फॉर्मचं माझं पत्र काढायचंय. आजच दाखवायचंय, नायतर जागा जाती. ते मशीन म्हणतंय आकडा तुमच्या फोनवर गेला." आणि थांबून म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलं, आकडा कुणाला मागायचा नाय. मागू का?"

मी आकडा वाचून दाखवला. त्यांनी एकेक आकडा माझ्यामागे म्हटला. मग म्हणाल्या, "उघडलं."

मी म्हणाले, "पत्र काढून घ्या. मग तिथंच नंबर बदला. माझा काढून टाका, तुमच्याजवळ आहे तो टाका."

"मग तुमच्याकडं आकडा येणार नाय?"

"नाही. आता कुणी कितीही मागितला तरी माझ्याकडं नसेल."

त्या म्हणाल्या, "बरं." आम्ही इतकेच बोललो.

त्यानंतर मॅडमनी फोन घेऊन त्यांना विचारले, "बाई, तुम्हाला कुणी नेलं का?" वहिनी म्हणाल्या, "नाय. मी बसनं आले." "स्वतःच्या मर्जीनं?" "व्हय." "जवळच्या ठाण्यात जाऊन तसं सांगा, म्हणजे हे मिसिंग बंद होईल." वहिनींनी विचारले, "ते बाहेर बसलेत का?" मॅडम म्हणाल्या, "हो." त्यावर फोन बंद झाला. थोड्या वेळाने माझ्या फोनवर मेसेज आला की हा नंबर सदर खात्यावरून काढण्यात आला आहे. तो मेसेज मी मॅडमना दाखवला आहे. आता माझ्याकडे उघडण्यासारखे काही राहिलेले नाही. हे राजूदादांना व काकासाहेबांना खरे वाटेल असे मला वाटत नाही.

कॉल आलेला नंबर मॅडमनी लिहून घेतला. तो लिहू नये असे मी म्हणाले. "लिहावाच लागतो. सज्ञान बाई आहे, तिच्या मर्जीविरुद्ध पत्ता कुणाला देत नाही आपण," असे त्या म्हणाल्या. हा नंबर कुठे ठेवणार, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "फायलीत." फाईल कोण कोण बघते, असे मी विचारले. केबिनमध्ये दुसऱ्यांदा चहा गेला तो मला दाराच्या फटीतून दिसला. मॅडमनाही दिसला. माझ्या फोनमधून मी तो नंबर पुसून टाकला आहे. त्याने काही होत नाही हे मला माहीत आहे, माझे शिक्षण त्याच विषयाचे आहे.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. रिक्षाची चावी वडिलांना परत मिळावी असे मला वाटते, पण ते ठाण्याचे काम नाही असे मला सांगण्यात आले.

जबाब संपल्यावर तो देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतात. या खोलीचे दार नीट लागत नाही आणि बाहेरच्या एकाच बाकावर राजूदादा व माझे वडील शेजारी शेजारी बसले आहेत. म्हणून तो वाचून दाखवू नये, मला वाचता येते, असे मी सांगितले. हवालदार मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवले. मी ते ओठ न हलवता वाचले. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही
मंजुषा सांडू हिवराळे

समक्ष
प्रेरणा तुपे
महिला पोलीस हवालदार